ओतीव गोळ्या आणि रक्तातलं शिसं: भट्टीला दोष देण्याआधी टम्बलर बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही परवान्याच्या पिस्तुलासाठी शिशाच्या गोळ्या स्वतः ओतता, काडतुसांच्या वापरलेल्या पुंगळ्या टम्बलरमध्ये, म्हणजे भरड्यात घोळवून घासणाऱ्या यंत्रात, साफ करून पुन्हा भरता आणि दर आठवड्याला नेमबाजीच्या बंदिस्त रेंजवर जाता. नेहमीच्या तपासणीत रक्तातलं शिसंही मोजून घेतलंत, ते १४ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर निघालं. भट्टीवर धूर ओढणारा पंखा आहे, तोंडाला मास्क आहे, तरी हे कसं झालं? पंखा मोठा बसवू की ओतणंच सोडू? आणि घरात दोन वर्षांची मुलगी आहे, तिला काही झालं असेल का?

मुलीचं आधी. तिच्या रक्ताची तपासणी याच आठवड्यात करून घ्या, बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल. पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढ माणूस साधारण दहावा हिस्सा शोषून घेतो, लहान मूल निम्म्यापर्यंत. ते रांगतं, जमिनीवरची वस्तू उचलतं, बोटं तोंडात घालतं. मेंदू घडत असतो त्या वयात शिशाची सुरक्षित अशी कुठलीही पातळी सापडलेली नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२१ मध्ये मुलांसाठीचा संदर्भ-आकडा ५ वरून ३.५ वर आणला. तो धोक्याची सुरुवात दाखवत नाही. त्याच्या वर आकडा गेला तर शिसं कुठून येतंय ते शोधायला लागा, एवढाच त्याचा अर्थ. तिचा आकडा त्याच्या वर आला तर बालरोगतज्ज्ञांना तुमच्या छंदाबद्दल स्पष्ट सांगा. काही डॉक्टर रंग आणि खेळण्यांबद्दल विचारतात, काडतुसांबद्दल विचारायचं त्यांच्या डोक्यातही येत नाही. औषध देऊन शिसं बाहेर काढण्याचा उपचार मुलांमध्ये साधारण ४५ च्या पुढे करतात. त्याखाली उपाय एकच, स्रोत बंद करणं, सोबत आहारात लोह आणि कॅल्शियम पुरेसं ठेवणं. लोह कमी असलेलं मूल शिसं जास्त शोषतं.

आता तुमचा आकडा. रक्त शिरेतून घेतलं होतं की बोटाला टोचून? ओतकाम करणाऱ्या, पुंगळ्या हाताळणाऱ्या माणसाच्या बोटाच्या कातडीवर शिसं असतंच. टोचलेल्या थेंबात ते मिसळलं की आकडा खोटा फुगतो. बोटाचं रक्त असेल तर शिरेतून पुन्हा करून घ्या, मगच त्या आकड्यावर काही ठरवा. तो खरा आहे असं धरून पुढचं लिहितो.

प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं, म्हणजे पन्नास डेसिलिटर. प्रत्येकी १४ मायक्रोग्रॅम धरले तर सगळ्या रक्तात मिळून ७०० मायक्रोग्रॅम, एक मिलिग्रॅमही नाही. घनफळात बघायचं तर मिठाचे दोन कण. आणि अडतीस स्पेशलची १५८ ग्रेनची एक ओतीव गोळी १०.२ ग्रॅमची, म्हणजे एक कोटी मायक्रोग्रॅमहून जास्त. हा हिशोब मी प्रत्येक नव्या ओतणाऱ्याला करून दाखवतो, कारण त्यातून एक गोष्ट आपोआप कळते: डोळ्यांना दिसणाऱ्या शिशाशी आपलं भांडण नाहीच. अख्खी गोळी हातात धरून कुणाला विषबाधा होत नाही. धातूचं शिसं कातडीतून नगण्य शिरतं. आत जातं ते दिसत नाही इतकं बारीक झालेलं शिसं, आणि ते जातं तोंडातून नाहीतर श्वासातून.

म्हणूनच मला तुमच्या भट्टीवर फारसा संशय नाही. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं आणि १७४९ अंशांना उकळतं. पिस्तुलाच्या गोळ्यांचं ओतकाम बहुतेक ३५० ते ४०० अंशांत चालतं. एक पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या एक लाखाव्या भागाएवढा वाफदाब यायलाही शिसं सुमारे ७०० अंशांपर्यंत तापवावं लागतं. ओतकामाच्या तापमानाला वाफ होते ती मोजण्याच्याही लायकीची नसते. भट्टीवर जो निळसर धूर दिसतो तो बहुधा मेणाचा, भुशाचा, जुन्या गोळ्यांवरच्या वंगणाचा असतो. तो छातीला चांगला नाही, पंखा त्याच्यासाठी हवाच, पण तुमचे १४ तिथून आलेले नाहीत.

भट्टीपाशी खरा धोका असतो तो रसावरच्या मळीचा. रस हवेला उघडा राहिला की वर करडी-पिवळी साय धरते, ती शिशाची आणि कथलाची ऑक्साइडं. मेण किंवा कोरडा लाकडाचा भुसा टाकून ढवळलं की त्यातला बराचसा कथील परत रसात जातो आणि वर उरते ती कोरडी, भुकटीसारखी मळी. पळीने काढून डब्यात टाकताना तिचा हलका ढग उठतो. उघड्या डब्यात ती तशीच राहते, वाऱ्याने उडते, डबा लवंडला की जमिनीवर पसरते. शिशाचं ऑक्साइड, त्यातही इतकं बारीक, पोटातल्या आम्लात धातूच्या तुकड्यापेक्षा कितीतरी सहज विरघळतं. तेव्हा मळी काढायची ती हळू, पळी डब्याच्या तळाशी नेऊन उपडी करायची, लगेच धातूचं झाकण लावायचं. डबा भरला की तो शिसं गाळणाऱ्या कारखान्याकडे किंवा घातक कचरा घेणाऱ्याकडे द्यायचा, घरच्या कचऱ्यात कधीच नाही.

तापमान चढवायचा मोह मात्र टाळा. गोळीच्या कडा नीट भरत नाहीत म्हणून लोक आच वाढवत नेतात. कारण बहुतेकदा थंड साचा किंवा कमी कथील हे असतं. साचा आधी तापवून घेतला आणि रसात दोनेक टक्के कथील असलं तर ३७० अंशांतही कडा धारदार येतात. दुसरं कारण जस्त. गाडीच्या चाकांचा तोल साधायला लावतात त्या भंगारातल्या वजनांत जस्ताचे तुकडे असतात, ते ४१९ अंशांना वितळतात. भट्टी त्याच्या खाली ठेवली तर ते वर तरंगतात आणि चिमट्याने काढून टाकता येतात. एकदा वितळून मिसळले की रस दाटसर होतो, साच्यात नीट उतरत नाही, आणि माणूस आणखी आच वाढवतो. जास्त आच म्हणजे जास्त मळी, जास्त मळी म्हणजे जास्त धूळ.

बॅटरीच्या पट्ट्यांमधलं शिसं वापरता का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. वापरत असाल तर आजच थांबवा. त्यात आम्ल आणि शिशाचं सल्फेट असतं, शिवाय नव्या बॅटऱ्यांत कॅल्शियम मिसळलेलं असतं. कॅल्शियम आणि आर्सेनिक-अँटिमनी यांची मळी ओली झाली की आर्सीन आणि स्टिबीन हे वायू सुटतात. दोन्ही रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिशाची बाधा हळूहळू होते, हे वायू काही तासांत माणूस पाडतात.

आता मूळ मुद्द्यावर येतो. तुमच्या वर्णनात मला सगळ्यात जास्त खटकलं ते एक वाक्य: ‘टम्बलर बाल्कनीत असतो, पुंगळ्या चाळणीने वेगळ्या करतो.’

प्रत्येक उडवलेल्या पुंगळीत प्राइमरची, म्हणजे बुडाशी बसवलेल्या, ठिणगी देणाऱ्या छोट्या टोपीची, राख असते. नेहमीच्या प्राइमरमध्ये लेड स्टिफनेट असतं, त्याच्या वजनात ४० टक्क्यांहून जास्त शिसं. सोबत बेरियम नायट्रेट आणि अँटिमनी सल्फाइड. स्फोटात त्याचे अतिसूक्ष्म कण होतात आणि पुंगळीच्या आतल्या भिंतीला चिकटून बसतात. टम्बलरमधला मक्याच्या कणसाचा किंवा अक्रोडाच्या कवचाचा भरडा तास-दोन तास घासून नेमके तेच कण सुटे करतो. ही राख शिशाच्या गोळीमुळे येत नाही. तांब्याचं वेष्टण असलेल्या विकतच्या गोळ्या उडवल्या तरी ती तेवढीच असते. म्हणून ओतणं सोडलंत तरी हा स्रोत जसाच्या तसा राहील.

एकदा संध्याकाळी, ऊन तिरपं येत असताना, चाळणी हलवून बघा. एरवी काहीच दिसत नाही, पण त्या उन्हाच्या पट्ट्यात करड्या धुळीचा पडदा वर चढताना दिसतो, तुमच्या चेहऱ्याच्या उंचीला रेंगाळतो आणि मग दोरीवरच्या कपड्यांवर, कुंड्यांवर, दाराच्या उंबऱ्यावर बसतो. बाल्कनी उघडी आहे म्हणून धूळ बाहेर जाते असं वाटतं, पण वारा आत वाहत असेल तर ती घरातच येते. मुलगी त्या उंबऱ्यावर बसते का?

कोरडा टम्बलर बंद करा. पुंगळ्या ओल्या धुवायच्या, पाण्यात थोडं डिटर्जंट आणि स्टीलच्या बारीक पिना टाकून. धूळ उठतच नाही, पुंगळ्या आतूनही चकचकीत होतात. ते काळं पाणी स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये ओतायचं नाही आणि झाडांना तर नाहीच. बादलीत निवळू द्यायचं, खाली बसलेला गाळ मळीच्या डब्याशेजारी वेगळ्या डब्यात जाऊ द्यायचा. कोरडा टम्बलर सोडणं शक्यच नसेल तर झाकण बंद ठेवून घराबाहेर चालवा, भरड्यात कापडाचे थोडे ओलसर तुकडे टाका म्हणजे ते धूळ धरतात, आणि चाळताना पी१०० फिल्टरचा मास्क लावा. साधा कापडी किंवा दवाखान्यातला मास्क इतके बारीक कण अडवत नाही. दाढी असेल तर पी१०० चाही चेहऱ्याशी घट्ट बसण्याचा गुण जातो.

प्राइमर काढण्याचा प्रेस दुसऱ्या क्रमांकावर. वापरलेले प्राइमर खाली ट्रेमध्ये पडतात, त्यांच्याबरोबर काळपट भुकटी पडते. ट्रे भरला की लोक तो कचऱ्याच्या डब्यात वरूनच उपडा करतात. ट्रेमध्ये बोटभर पाणी ठेवा, प्रश्न मिटला. बसवण्याचे नवे प्राइमर मात्र त्या पाण्यापासून लांब आणि कोरडे असू द्या.

ओतीव गोळी पुंगळीत बसवताना तोंडाशी शिशाची बारीक कुरळी साल निघत असेल तर पुंगळीचं तोंड पुरेसं फाकलेलं नाही. त्याने अचूकता जाते, बोटं आणि टेबल शिशाने माखतात. गोळ्यांवर पॉलिस्टर पावडरचा थर भाजून घेणारे बरेच जण आहेत आणि मला ती पद्धत आवडते. सुमारे २०० अंशांना भाजलेला तो थर गोळीला वंगणाची गरज ठेवत नाही, धूर कमी होतो, बोटांना शिसं लागत नाही, पिस्तुलाच्या नळीतही कमी चिकटतं. भाजायची ओव्हन त्यानंतर अन्नासाठी कधीही वापरायची नाही. नळीत शिसं चिकटत असेल तर ब्रश मारताना निघणारा चुराही ओल्या कापडाने टिपून घ्या, फुंकर मारू नका.

आता रेंज. बंदिस्त रेंजवर हवा नेमबाजाच्या पाठीमागून येऊन लक्ष्याच्या दिशेने संथ, सरळ वाहायला हवी. उदबत्तीचा धूर धरून बघा. तो चेहऱ्याकडे वळून येत असेल तर त्या रेंजवर तुम्ही दर वेळी प्राइमरची राख श्वासात घेता, आणि श्वासातून फुप्फुसात खोल गेलेल्या कणांतलं शिसं जवळजवळ सगळं शोषलं जातं. दर आठवड्याला जाणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा टम्बलरच्या तोडीचा संशयित आहे. झाडू मारणं सुरू असताना तिथे थांबू नका. पडलेल्या पुंगळ्या टोपीत गोळा करून तीच टोपी डोक्यावर घालणारे लोक मी प्रत्येक रेंजवर बघतो, हात जोडून सांगतो, पिशवी न्या.

आणि हात. नेमबाजीनंतर गाडीत बसून बिस्किटांचा पुडा फोडणं हा शिसं पोटात घालायचा सगळ्यात सोपा मार्ग. त्यातही सकाळपासून काही खाल्लेलं नसेल तर आणखी वाईट, रिकाम्या पोटी प्रौढ माणूसही कितीतरी पटींनी जास्त शिसं शोषतो. म्हणून ओतायला किंवा रेंजवर जाण्याआधी नीट जेवून जा, आणि तिथे खाणं, चहा, तंबाखू, सिगारेट काहीही नको. साध्या साबणाने सगळं शिसं निघत नाही. जड धातू काढण्यासाठी वेगळे हँडक्लीनर आणि ओले वाइप्स मिळतात, ते गाडीतच ठेवा. खात्री करायची तर ऱ्होडिझोनेटचे तपासणी-बोळे मिळतात, शिसं असलं की गुलाबी-लाल होतात. हात धुतल्यावर एक बोळा तळहातावर फिरवा. दुसरा मोबाइलच्या मागच्या बाजूला. तिसरा गाडीच्या स्टिअरिंगवर, चौथा कामाच्या खोलीच्या दाराच्या कडीवर. मोबाइल बहुतेकांचा लाल निघतो, कारण तो ओतताना, भरताना, नेमबाजीत कुठेच धुतला जात नाही आणि घरी गेल्यावर मुलांच्या हातात जातो.

ब्रिटनमध्ये १८९८ साली नेमलेले पहिले वैद्यकीय कारखाना निरीक्षक थॉमस लेग यांनी शिशाच्या कारखान्यांत आयुष्य घालवून दोन गोष्टी ठामपणे मांडल्या. कारखान्यातली जवळजवळ सगळी शिशाची बाधा धूळ आणि धूर श्वासात गेल्याने होते. आणि जो बंदोबस्त कामगाराच्या मर्जीवर अवलंबून नाही, तोच टिकतो. दुसरी गोष्ट आपल्यासारख्या छंदवाल्यांनी पाठ करावी. ‘काळजी घेईन’ हे ठरवून चालत नाही, थकलेल्या दिवशी माणूस काळजी घेत नाही. त्यामुळे मांडणीच अशी बदला की आळस केला तरी शिसं घरात येणार नाही. काम घराबाहेरच्या खोलीत न्या. दाराशी एक जोड चपला आणि एक जाड शर्ट कायमचे लटकवून ठेवा, ते आत येतच नाहीत आणि घरच्या कपड्यांबरोबर धुतले जात नाहीत. खोलीत झाडूच ठेवू नका, ओलं फडकं आणि पोछा ठेवा. साधा व्हॅक्यूम क्लीनर बारीक शिसं मागच्या बाजूने परत हवेत सोडतो, वापरायचाच तर हेपा फिल्टरचा. दाराशेजारी नळ असेल तर हात धुवायला आठवण करून द्यावी लागत नाही.

एक गोष्ट शिशाच्या विषाची नाही, पण तुम्ही भंगारातलं शिसं धुऊन वितळवता असं लिहिलंय म्हणून सांगतो. ओलं शिसं गरम रसात कधीही टाकायचं नाही. पाण्याचा थेंब रसाखाली गेला की त्याची वाफ सतराशे पटींनी फुगते आणि अख्खं भांडं छतापर्यंत उडतं. वितळवायचा माल थंड भांड्यात भरून मगच आच लावा, नाहीतर आधी भांड्याच्या काठावर तापवून पूर्ण कोरडा करा. पूर्ण चेहरा झाकणारी ढाल, लांब बाह्या, बंद बूट. पावसाच्या दिवशी उघड्यावर ओतकाम नाही.

१४ हा आकडा प्रौढासाठी किती वाईट? रेंजवर तुम्हाला कुणीतरी सांगेल की ४० पर्यंत चालतं. अमेरिकेच्या १९७८ च्या कामगार नियमांत ६० ला माणसाला कामावरून हलवायचं आणि ४० च्या खाली आला की परत घ्यायचं असं होतं, ते ऐकीव ज्ञान तिथून आलंय. १० च्या खालीही रक्तदाब वाढणं आणि मूत्रपिंडाचं काम मंदावणं दिसून आलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ५ च्या पुढे कुणाचाही आकडा असेल तर स्रोत शोधून बंद करा असं सांगितलं. १४ ला बहुधा काहीच जाणवत नाही. थकवा, चिडचिड, बद्धकोष्ठता, सांधेदुखी ही लक्षणं असतील तर डॉक्टरांना सांगा, पण नसतील म्हणून निश्चिंत राहू नका. शिसं काढणारी औषधं या पातळीला लागत नाहीत, स्वतःच्या मनाने घेऊ तर नकाच. घरात कुणी गरोदर असेल किंवा त्या विचारात असेल तर त्यांचीही तपासणी करा. आईच्या हाडांत साठलेलं शिसं गरोदरपणात सुटून गर्भापर्यंत जातं.

ओतणं सोडायचं का? माझं मत, नको. कोरडा टम्बलर आणि बंदिस्त रेंज, दोन्ही तीन महिने पूर्ण बंद ठेवा, खोली आणि बाल्कनी ओल्या फडक्याने दोनदा पुसून घ्या. घराबाहेर, मोकळ्या हवेत, झाकणाच्या मळीच्या डब्यासकट ओतणं चालू राहू द्या. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्मं होतं, पण प्रौढाच्या अंगातल्या शिशापैकी ९० टक्क्यांहून जास्त हाडांत असतं आणि ते वर्षानुवर्षं थोडं थोडं परत रक्तात येत राहतं, त्यामुळे उतार हिशोबापेक्षा मंद असेल. तीन महिन्यांनी शिरेतून पुन्हा तपासा. ओतत असूनही आकडा ठळक उतरला असेल तर दोषी कोण ते कळलं, ओल्या धुलाईने पुंगळ्या साफ करत पुढे चला आणि रेंज उघडी शोधा. उतरला नसेल, किंवा चढला असेल, तर ओतणंही थांबवा आणि घरातला जुना रंग, पाण्याची पाइप, डोळ्यांत घालायचं काजळ-सुरमा, भस्मांची औषधं अशी बाकीची दारं डॉक्टरांबरोबर एकेक करून तपासा.